विस्कटलेल्या अक्षरांतून इंग्रजी शब्दांचा शोध

बँकांच्या लिपिक व अधिकारी पदांसाठी होणाऱ्या स्पर्धा परीक्षांमध्ये तर्कक्षमतेच्या प्रश्नपत्रिकेत एक प्रश्नप्रकार वर्षानुवर्षे विचारला जात आला आहे. काही इंग्रजी अक्षरे दिली जातात. प्रत्येक अक्षर एकदाच वापरून त्यांपासून किती अर्थपूर्ण शब्द तयार होतात, हे सांगायचे असते. उत्तरासाठी एकही नाही, एक, दोन, तीन किंवा तीनपेक्षा अधिक असे पर्याय असतात. समजा, अक्षरे ई, ए, आर आणि एन अशी आहेत. जवळ या अर्थाचा 'निअर' हा शब्द बहुतेकांना लगेच सुचतो. कमावणे या अर्थाचा 'अर्न' मात्र अनेकांच्या नजरेतून निसटतो. तो शब्द ठाऊक नसतो असे नव्हे. तो त्या क्षणी दिसत नाही आणि हातचा गुण जातो.

या निसटण्यामागे मराठी वाचकाच्या बाबतीत एक विशेष कारण आहे. देवनागरीत शब्द बऱ्याच अंशी उच्चारानुसार लिहिला जातो. त्यामुळे मराठी मनाला शब्द कानाने शोधण्याची सवय असते. 'काम' या शब्दातील 'का' आणि 'म' यांची अदलाबदल केली की 'मका' ऐकू येतो, कारण जागा बदलली तरी अक्षराचा उच्चार फारसा बदलत नाही. इंग्रजीत तसे होत नाही. 'निअर' आणि 'अर्न' या दोन्ही शब्दांत ई व ए ही स्वरांची जोडी तीच आहे. तिचा उच्चार मात्र दोन्हीकडे निराळा. म्हणूनच इंग्रजी शब्दांचा असा शोध कानाने नव्हे, तर डोळ्याने घ्यावा लागतो. त्याच्या काही ठरावीक रीती आहेत. शब्दकोडी सोडवणारे, स्क्रॅबलचे खेळाडू आणि संगणकतज्ज्ञ यांनी त्या आपापल्या गरजेतून घडवल्या आहेत.

प्रश्न एक नव्हे, पाच

'या अक्षरांचे शब्द सांगा' असे म्हटले, तरी त्यात निरनिराळे प्रश्न दडलेले असतात. नेमका कोणता प्रश्न विचारला आहे हे आधी ठरवले नाही, तर उत्तर चुकते.

पहिला प्रकार म्हणजे दिलेली सर्व अक्षरे वापरायची आणि बाहेरचे एकही घ्यायचे नाही. बँक परीक्षेतील प्रश्न याच प्रकारचा. ओ, पी, एस आणि टी या चार अक्षरांपासून 'स्टॉप', 'स्पॉट', 'पोस्ट', 'पॉट्स', 'टॉप्स' आणि 'ऑप्ट्स' असे सहा शब्द होतात. दुसऱ्या प्रकारात दिलेल्या अक्षरांपैकी काही वापरली तरी चालतात. स्क्रॅबलच्या खेळाडूपुढे दर खेपेस हाच प्रश्न असतो. तिसऱ्या प्रकारात दिलेली सर्व अक्षरे शब्दात असावीच लागतात, मात्र त्यांच्या जोडीला इतर कोणतीही आली तरी हरकत नसते.

चौथ्या प्रकारात अक्षरे सलग आणि त्याच क्रमाने हवी असतात. याचे एक गमतीचे उदाहरण मराठीशी निगडित आहे. 'मुंगूस' हा मराठी शब्द इंग्रजीत गेला आणि 'मंगूस' झाला. त्याच्या इंग्रजी वर्णलेखनाच्या शेवटी 'गूज' या पक्ष्याच्या नावाची पाचही अक्षरे सलग येतात. दोन्ही शब्दांचा परस्परांशी काहीही संबंध नाही. पण अक्षरे शोधणाऱ्याला संबंधाशी कर्तव्य नसते. पाचवा प्रकार शब्दकोड्याचा. त्यात काही अक्षरांच्या जागा ठरलेल्या असतात आणि उरलेली घरे भरायची असतात.

शब्दकोश अपुरा का पडतो?

छापील शब्दकोश पहिल्या अक्षरापासून सुरू होतो. शब्दाची सुरुवात ठाऊक असेल, तर अर्थ काही सेकंदांत सापडतो. वरील पाचही प्रश्नांत मात्र सुरुवात ठाऊक असेलच असे नाही. शब्द कोशात असतो, पण त्याच्यापर्यंत नेणारी वाट कोशाच्या मांडणीत नसते.

मग प्रत्येक मांडणी करून पाहावी, असे वाटणे स्वाभाविक आहे. चार भिन्न अक्षरांच्या २४ मांडण्या होतात. तेवढ्या कागदावर लिहिता येतात. सहा अक्षरांच्या ७२०, सातांच्या ५,०४० आणि आठांच्या ४०,३२० होतात. स्क्रॅबलमध्ये खेळाडूच्या हाती सात सोंगट्या असतात. त्या सातही भिन्न असतील आणि दोन ते सात अक्षरांचा कोणताही शब्द चालणार असेल, तर एकूण १३,६९२ मांडण्या तपासाव्या लागतील. त्यांपैकी बहुसंख्य निरर्थक असतात. एवढा खटाटोप माणसाला शक्य नाही, आणि संगणकालाही तो करायला लावण्याचे कारण नाही.

वर्णानुक्रमाची किल्ली

यावरचा उपाय साधा आहे. शब्दातील अक्षरेच वर्णानुक्रमाने लावायची. 'निअर' या शब्दाची अक्षरे अशी लावली की ए, ई, एन, आर अशी मालिका मिळते. 'अर्न'चीही मालिका हीच. म्हणजे एकाच अक्षरसंचातून निघणाऱ्या सर्व शब्दांची किल्ली एकच असते. शब्दकोशातील प्रत्येक शब्दाची अशी किल्ली काढून, त्या किल्ल्यांच्या क्रमाने संपूर्ण यादी पुन्हा मांडली, की भावंडे असलेले शब्द आपोआप शेजारी येऊन बसतात. त्यानंतर हजारो मांडण्या करून पाहण्याची गरज उरत नाही. हाती आलेली अक्षरे क्रमाने लावायची आणि तेवढी एकच नोंद पाहायची.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतील संगणकतज्ज्ञ जॉन बेंटली यांनी 'प्रोग्रामिंग पर्ल्स' या १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात ही रीत उलगडून सांगितली. शब्दावर किल्लीची खूण करणे, खुणांनुसार यादी लावणे आणि समान खुणेचे शब्द एका ओळीत आणणे, अशा तीन पायऱ्या त्यांनी मांडल्या. प्रश्न अवघड वाटत असेल, तर माहितीची मांडणी बदलून पाहावी, हा धडा संगणकशास्त्राचे विद्यार्थी या उदाहरणातून आजही गिरवतात.

अक्षरे क्रमाने लावण्याची युक्ती त्याहून जुनी आहे. मात्र पूर्वी ती शब्द शोधण्यासाठी नव्हे, तर लपवण्यासाठी वापरली गेली. इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक यांनी स्प्रिंगच्या ताणाविषयीचा आपला नियम १६७६ साली उघडपणे न सांगता, त्याच्या लॅटिन वाक्यातील चौदा अक्षरे वर्णानुक्रमाने छापली. शोधाचा मान आपल्याकडे राहावा आणि गुपितही फुटू नये, हा त्यामागील हेतू होता. दोन वर्षांनी, १६७८ मध्ये, त्यांनी मूळ वाक्य प्रकट केले. ताण जसा, तसे बल, असा त्याचा आशय आहे. एका वाक्याची अक्षरे क्रमाने लावल्यास वाक्य हरवते. सगळ्या शब्दकोशाची लावल्यास शब्द सापडतात.

कमी अक्षरे, जास्त अक्षरे

दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नालाही हीच किल्ली उपयोगी पडते. सात भिन्न अक्षरांतून दोन किंवा अधिक अक्षरांचे १२० गट पडतात. प्रत्येक गटाची किल्ली पाहिली की काम झाले. १३,६९२ ऐवजी १२० नोंदी पुरतात. स्क्रॅबलमधील कोरी सोंगटी कोणत्याही अक्षराऐवजी चालते, त्यामुळे शोध वाढतो. एक कोरी सोंगटी असल्यास २६ शक्यता होतात, दोन असल्यास अक्षरांच्या ३५१ जोड्या पाहाव्या लागतात.

तिसऱ्या प्रकारासाठी, म्हणजे दिलेली अक्षरे असलेला कोणताही शब्द शोधण्यासाठी, चाळणीची रीत वापरतात. युनिक्स या संगणकप्रणालीसाठी केन थॉम्प्सन यांनी १९७०च्या दशकात 'ग्रेप' ही आज्ञा तयार केली. शब्दांच्या यादीतून ठरावीक अक्षर असलेल्या ओळी ती वेगळ्या काढते. एका चाळणीतून आलेले शब्द दुसरीत घालता येतात आणि हवे तर एखादे अक्षर असलेले शब्द वगळताही येतात. क्यू असलेले शब्द आधी निवडायचे आणि त्यांतून यू असलेले काढून टाकायचे, असे केल्यास इंग्रजीत दुर्मीळ असलेला एक गट हाती लागतो. 'फकीर', 'तलाक', 'कव्वाली' असे आपल्या परिचयाचे शब्द त्यात दिसतात, कारण अरबी-फारसीतून आलेल्या शब्दांचे रोमन लेखन करताना क्यूनंतर यू येण्याचा इंग्रजी रिवाज पाळला जात नाही. यातील काही शब्द के वापरूनही लिहिले जातात. पण क्यू हाती अडकलेल्या स्क्रॅबल खेळाडूला हवे असते ते क्यूचे लेखन.

चाळणी जलद व्हावी म्हणून संगणकात प्रत्येक शब्दासाठी २६ खणांची एक पट्टी ठेवता येते. अक्षर असेल त्या खणात एक, नसेल तेथे शून्य. दोन पट्ट्या एकमेकींवर ठेवून पाहण्याचे काम संगणक एका झटक्यात करतो. या रीतीत एक उणीव आहे. 'मंगूस'च्या इंग्रजी लेखनात ओ हे अक्षर तीनदा येते. पट्टी मात्र ते आहे एवढेच सांगते, किती वेळा आहे ते सांगत नाही. त्यामुळे पुनरुक्ती महत्त्वाची असेल, तेथे खणात एकऐवजी त्या अक्षराची संख्या नोंदवावी लागते. न्यूयॉर्क टाइम्सच्या 'स्पेलिंग बी' या कोड्यात अडचण येत नाही, कारण तेथे सात अक्षरांपैकी कोणतेही कितीही वेळा वापरण्याची मुभा असते. मधले अक्षर आवश्यक आणि शब्द किमान चार अक्षरांचा, एवढीच अट असते. हे कोडे २०१४ मध्ये छापील स्वरूपात आणि २०१८ मध्ये संगणकीय स्वरूपात सुरू झाले.

मूळ संख्यांचाही एक सुंदर उपयोग येथे करता येतो. ए म्हणजे २, बी म्हणजे ३, सी म्हणजे ५, डी म्हणजे ७, अशी प्रत्येक अक्षराला एक मूळ संख्या द्यायची आणि शब्दातील अक्षरांच्या संख्यांचा गुणाकार करायचा. 'बॅड' आणि 'डॅब' या दोन्हींचा गुणाकार ४२ येतो, 'कॅब'चा ३०. संख्येचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात, त्यामुळे समान गुणाकार म्हणजे समान अक्षरे. जाहिरात या अर्थाच्या दोन अक्षरी 'अॅड'चा गुणाकार १४ आहे. त्याने ४२ला निःशेष भाग जातो, म्हणून तो शब्द 'बॅड'च्या अक्षरांतून बनतो. पुनरुक्तीचा हिशेबही यात आपोआप होतो.

वाटेतच थांबणारा शोध

पटावर आधी मांडलेल्या शब्दांना जोडून नवा शब्द बसवायचा असेल, तर केवळ अक्षरसंच पाहून भागत नाही. त्यासाठी शब्दांची यादी झाडासारखी मांडतात. पहिले अक्षर म्हणजे खोड, पुढील प्रत्येक अक्षर म्हणजे फांदी. एखाद्या फांदीच्या पुढे शब्दच नसेल, तर संगणक तेथून मागे फिरतो आणि त्या दिशेच्या शेकडो निरर्थक मांडण्या आपोआप टळतात. अँड्र्यू अॅपल आणि गाय जेकबसन यांनी १९८८ मध्ये याच तत्त्वावर आधारित, अतिशय वेगवान असा स्क्रॅबल खेळणारा प्रोग्राम मांडला. झाडातील समान शेवट असलेल्या फांद्या एकत्र जोडून त्यांनी जागाही वाचवली.

जागा ठरलेल्या अक्षरांचा शोध सामान्य वाचकालाही सहज घेता येतो. 'वनलुक'सारख्या कोशशोधक संकेतस्थळावर अज्ञात अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह आणि अक्षरांची संख्याच ठाऊक नसेल तेथे तारांकित चिन्ह टाकले, की जुळणारे शब्द समोर येतात. जोश वॉर्डल यांनी २०२१ मध्ये लोकांसमोर आणलेला आणि जानेवारी २०२२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने विकत घेतलेला 'वर्डल' हा पाच अक्षरी शब्दांचा खेळ याच प्रकारचा आहे. कोणते अक्षर शब्दात आहे, ते कोणत्या जागी आहे किंवा नाही, या तीन चाळण्या खेळाडू मनातल्या मनात लावत असतो.

कागद आणि पेन्सिल घेऊन

परीक्षा केंद्रात किंवा खेळाच्या पटासमोर यंत्र हाताशी नसते. तेथे माणसाला स्वतःची रीत हवी. पहिली पायरी म्हणजे अक्षरे सरळ ओळीत न लिहिता वर्तुळाकार लिहावीत. ओळीत लिहिली की डोळा ती डावीकडून उजवीकडे शब्द म्हणूनच वाचतो आणि त्याच मांडणीत अडकतो. दुसरी पायरी, स्वर आणि व्यंजने वेगळी करावीत. तिसरी, सोबत फिरणाऱ्या जोड्या पाहाव्यात. सी-एच, एस-एच, टी-एच, सी-के, क्यू-यू या जोड्या इंग्रजीत वारंवार आढळतात.

चौथी आणि सर्वांत फलदायी पायरी म्हणजे शब्दाचे शेपूट ओळखणे. ए, ई, जी, आय, एल, एन, आर, टी ही आठ अक्षरे घ्या. मांडण्या ४०,३२०. पण आय-एन-जी हे क्रियापदाचे शेपूट बाजूला काढले, तर ए, ई, एल, आर, टी एवढी पाचच अक्षरे उरतात. त्यांतून 'अलर्ट' आणि 'ऑल्टर' हे शब्द दिसतात. शेपूट परत जोडले की 'अलर्टिंग' आणि 'ऑल्टरिंग' तयार. 'रिलेट' या क्रियापदाचा शेवटचा ई गळतो हे ध्यानात आले, तर 'रिलेटिंग'ही मिळतो. ए-एल हे विशेषणाचे शेपूट धरले, तर 'इंटिग्रल' सापडतो. जी-एल-ई हा शेवट धरला, तर 'ट्रँगल'. एकाच अक्षरसंचातून पाच परिचित शब्द निघाले आणि त्यासाठी डझनभरही मांडण्या कराव्या लागल्या नाहीत. ई-डी, ई-आर, ई-एस-टी, टी-आय-ओ-एन ही शेपटे आणि आर-ई, यू-एन, आय-एन ही सुरुवातीची जोडाक्षरे पाठ असली, की शोधाचा बराच भार हलका होतो.

एस हे अक्षर हाती असेल, तर अनेकवचन तपासायला विसरू नये. ओ, पी, एस, टी या संचातील सहांपैकी तीन शब्द केवळ शेवटच्या एसमुळे मिळतात. न्यूयॉर्कमधील बेकार झालेले वास्तुविशारद आल्फ्रेड बट्स यांनी १९३०च्या दशकात पुढे स्क्रॅबल म्हणून प्रसिद्ध झालेला खेळ रचला, तेव्हा एसची ही ताकद त्यांनी ओळखली होती. वृत्तपत्रांतील अक्षरे मोजून त्यांनी सोंगट्यांची संख्या ठरवली. शंभर सोंगट्यांत ई बारा आहेत. एस मात्र चारच ठेवले, कारण अनेकवचने करून गुण मिळवणे फार सोपे झाले असते. जेम्स ब्रुनो यांनी १९४८ मध्ये या खेळाला स्क्रॅबल हे नाव दिले.

शब्द कोणाच्या यादीतला?

शोधाची रीत कितीही अचूक असली, तरी उत्तर शेवटी यादीवर अवलंबून असते. ई, ए, आर, एन या संचाला परीक्षेत 'दोन' हे उत्तर अपेक्षित असेल. स्पर्धात्मक स्क्रॅबलच्या यादीत मात्र नाकपुडी या अर्थाचा आणखी एक शब्द बसतो आणि संख्या वाढते. कॉलिन्सच्या २०१९ सालच्या स्क्रॅबल यादीत २ लाख ७९ हजार ४९६ शब्द होते. त्यांत दोन अक्षरी शब्दच १२७. सुशिक्षित इंग्रजांनाही त्यांतील बरेच शब्द परके वाटतील. म्हणूनच शब्दशोधक संकेतस्थळावर मिळालेली यादी तशीच उत्तर म्हणून धरणारा उमेदवार फसण्याचा संभव असतो. परीक्षेतील 'अर्थपूर्ण' हा शब्द रोजच्या वापरातील इंग्रजीला उद्देशून असतो, कोशातील कानाकोपऱ्यांना नव्हे.

अक्षरांची ओळख आणि भाषेची ओळख या दोन भिन्न गोष्टी आहेत, याचा सर्वांत ठळक दाखला न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स यांनी दिला आहे. मुंबईत २००७ मध्ये भरलेल्या जागतिक स्क्रॅबल स्पर्धेत त्यांनी मलेशियाच्या गणेश आसिरवाथम यांना हरवून आपले पहिले जागतिक विजेतेपद मिळवले. पुढे २०१५ मध्ये फ्रेंच भाषेत संवाद साधता येत नसतानाही, फ्रेंच शब्दांची यादी पाठ करून त्यांनी फ्रेंच स्क्रॅबलचे जागतिक अजिंक्यपद पटकावले. २०२४ मध्ये स्पॅनिशमध्येही तेच घडले. पटावर शब्दाचा अर्थ लागत नाही. लागते ती केवळ अक्षरांची ओळख.

इंग्रजी शिकू पाहणाऱ्याला मात्र एवढ्याने भागणारे नाही. 'अर्न' सापडला, पण तो वाक्यात वापरता आला नाही, तर परीक्षेतील एक गुण मिळेल, भाषा मिळणार नाही. त्यामुळे अभ्यास करताना आधी स्वतः अक्षरे फिरवून पाहावीत, सुचलेले शब्द लिहून काढावेत आणि त्यानंतरच शब्दशोधकाची मदत घ्यावी. आपल्या यादीत नसलेला प्रत्येक शब्द कोशात पाहावा. तो रोजच्या वापरातला असेल, तर वहीत वर्णानुक्रमाच्या किल्लीखाली, त्याच्या भावंडांशेजारी, अर्थासह टिपून ठेवावा. एकदा एकत्र पाहिलेली ही भावंडे पुढच्या वेळी एकमेकांची आठवण करून देतात.